शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे: पहिल्यांदा स्लाइड्स बनवणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, ट्रेनी असलेला मुलगा माझ्याकडं आला. डिप्लोमा झालेला, कामाला चोख. मे, जून, जुलै असे तीन महिने त्यानं रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा, हिशेब वहीत ठेवला होता. तो हिशेब मालक आणि शॉपमधल्या सगळ्या सुपरवायझरांपुढं मांडायची संधी त्याला मिळाली. त्यानं बावीस स्लाइड्स केल्या. दुसऱ्याच स्लाइडला मागून आवाज आला, "मागं काय दिसंना झालंय, तूच वाचून दाव की!" त्यानं वाचायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत वाचतच राहिला. मालक फोन आला म्हणून उठून बाहेर गेले, ते परत आलेच नाहीत.

मला वाईट वाटलं ते त्याच्या तीन महिन्यांचं. हिशेब खरा होता, शोधलेलं कारणही बरोबर होतं, पण ते कुणापर्यंत पोचलंच नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत बसून मी बारा-तेरा वर्षं लोकांच्या स्लाइड्स नीट करून देतोय. प्रोजेक्टवाली पोरं येतात, दूध संस्थांचे सचिव येतात, उद्यमनगरातले कारखानदार येतात, पीएचडीच्या व्हायव्याला निघालेले येतात. चूक बहुतेकांची एकच असते. स्लाइड बोलणाऱ्याच्या सोयीनं बनते. त्याला आठवावं म्हणून सगळं लिहिलेलं असतं आणि बघणाऱ्याचा विचार राहून जातो.

इथल्या खासबाग मैदानात कुस्ती बघितली असेल तर पुढचं लगेच पटेल. शाहू महाराजांनी ते मैदान असं बांधून घेतलं की कुस्तीचा हौदा मधोमध खाली आणि बसायची जागा चहूबाजूंनी चढत गेलेली. सगळ्यात मागं बसलेल्यालाही पैलवानानं कुठला डाव टाकला ते दिसतं. मागच्या माणसाचा विचार आधी झाला, म्हणून पुढच्याची सोय आपोआप झाली. स्लाइड याच क्रमानं करायची.

आधी कागद घ्या

लॅपटॉप उघडला की हात आपोआप रंग आणि डिझाइनकडं जातो आणि तासभर त्यातच जातो. म्हणून सुरुवातीला फक्त एक कागद घ्या. त्यावर तीन गोष्टी लिहा: समोर कोण बसणार, त्यांना आधीपासून काय माहीत आहे आणि उठून जाताना त्यांनी काय करावं अशी आपली इच्छा आहे.

तिसरं उत्तर सगळ्यात अवघड असतं. या मुलानं लिहिलं होतं, "रिजेक्शनची माहिती देणे." मी विचारलं, "माहिती दिलीस. पुढं?" तो गप्प झाला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "वाळूतला ओलावा रोज दोनदा तपासायची परवानगी पाहिजे सर. आणि एक मॉइश्चर टेस्टर." हे वाक्य त्याच्या बावीस स्लाइड्समध्ये कुठंच नव्हतं. आम्ही ते कागदाच्या वरच्या बाजूला ठळक लिहिलं आणि त्याच्याशी ज्या स्लाइडचा संबंध नाही ती काढत गेलो. कंपनीचा इतिहास गेला, कास्टिंग म्हणजे काय ती व्याख्या गेली, 'उद्दिष्टे'ही गेली. समोर तीस वर्षं भट्टीवर काम केलेली माणसं बसणार होती, त्यांना कास्टिंगची व्याख्या कशाला?

मग चिठ्ठ्या करा. वहीचं पान फाडून आठ तुकडे करा आणि एका चिठ्ठीवर एकच विधान लिहा. टेबलावर मांडा, पुढंमागं सरकवा. दहा मिनिटांचं बोलणं असेल तर सहा-सात चिठ्ठ्या पुरतात. एका स्लाइडला साधारण दीड मिनिट लागतं, प्रश्न आले तर जास्त. चिठ्ठीवर 'आणि' लिहावं लागलं तर बहुतेक वेळा ती दोन चिठ्ठ्यांची गोष्ट असते.

शीर्षकात पूर्ण वाक्य

एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी तुमच्या स्लाइड्स बऱ्याच सुधारतील, म्हणून इथं थोडा जास्त वेळ थांबतो.

'कास्टिंग रिजेक्शनचे विश्लेषण' ही दुकानाची पाटी झाली. आत काय आहे ते तिच्यावरून कळत नाही. 'निम्मं रिजेक्शन एकट्या ब्लोहोलचं (कास्टिंगमधल्या पोकळ्यांचं) आहे' हे विधान आहे. ते वाचून माणूस मान हलवतो किंवा भुवया उंचावतो, पण ऐकायला लागतो. शीर्षक दोन ओळींत बसवा आणि बोलीभाषेत लिहा. 'सदर', 'उपरोक्त', 'अनुषंगाने' हे शब्द पत्रव्यवहारात राहू द्यात.

त्या मुलाच्या सहा चिठ्ठ्या शेवटी अशा झाल्या: निम्मं रिजेक्शन एकट्या ब्लोहोलचं आहे. जूननंतर ब्लोहोल वाढले. उघड्यावरची वाळू भिजते आणि तिचा ओलावा कुणी मोजत नाही. आठ दिवस ओलावा मोजून वाळू वापरली, ब्लोहोल कमी झाले. टेस्टरची किंमत वाचणाऱ्या लोखंडातून निघते. रोज दोन वेळा तपासणी आणि एक टेस्टर, एवढी परवानगी द्या.

नुसती शीर्षकं ओळीनं वाचा. सगळं बोलणं त्यात आलं. ज्याला फाउंड्री माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो: साच्याच्या वाळूत ओलावा जास्त असला की तापलेलं लोखंड ओतताना त्या ओलाव्याची वाफ होते, ती वाफ धातूत अडकते आणि धातू गोठल्यावर तिथं पोकळ्या राहतात. यालाच ब्लोहोल म्हणतात.

आता या सहांतली चौथी चिठ्ठी बघा. आठ दिवस ओलावा मोजून बघायचा प्रयोग त्यानं पहिल्या सादरीकरणाआधीच केला होता. तो होता एकोणिसाव्या स्लाइडवर, सातव्या ओळीत, एका ठिपक्याच्या (बुलेटच्या) पोटातल्या दुसऱ्या ठिपक्याखाली.

ठिपक्यांखाली ठिपके लावत गेलं की काय होतं याचं एक दुःखद उदाहरण आहे. १६ जानेवारी २००३ रोजी नासाचं कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनाच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नुकसानीचा अंदाज स्लाइड्सवर मांडला. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. खाली बारीक अक्षरांत, ठिपक्यांच्या उतरंडीत अगदी तळाला, खरी गोष्ट होती: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट. चाचण्यांवरून काही ठरवणंच धोक्याचं होतं. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. केवळ स्लाइडमुळं अपघात झाला असं कुणी म्हणत नाही. पण तपास मंडळानं आपल्या अहवालात ती स्लाइड छापून तिच्या मांडणीवर बोट ठेवलं.

तेव्हा शीर्षकात वाक्य लिहिलं एवढ्यानं भागत नाही. त्या स्लाइडवरची सगळ्यात मोलाची गोष्टच शीर्षकात यायला पाहिजे, मग ती ऐकायला कडू असली तरी. ठिपके लावायचेच असतील तर एकाच पातळीचे, तीन किंवा चार.

आता लॅपटॉप उघडा: पान, अक्षर, अंतर

पानाचा आकार सुरुवातीलाच ठरवा, मागाहून बदलला की सगळं विस्कटतं. पॉवरपॉइंट २०१३ पासून पान आपोआप १६:९ मध्ये उघडतं आणि बहुतेक ठिकाणी तेच चालतं. जुन्या हॉलमध्ये ४:३ चा प्रोजेक्टर असेल तर वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि अक्षर आणखी लहान होतं. हॉलवाल्याला आधी एक फोन करून विचारा. चारही बाजूंना बोटभर जागा मोकळी सोडा. शीर्षकाची जागा, फॉन्ट, रंग हे 'स्लाइड मास्टर'मध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या साच्यात, एकदाच ठरवून टाका, म्हणजे प्रत्येक पानावर शीर्षक इकडंतिकडं उड्या मारणार नाही.

मराठी अक्षराचं गणित इंग्रजीपेक्षा वेगळं आहे आणि ते इंग्रजी सॉफ्टवेअर तुम्हाला सांगत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ठरलेल्या उंचीतली बरीच जागा त्यांना द्यावी लागते, म्हणून मधलं मुख्य अक्षर बारीक होतं. इंग्रजीत २४ पॉइंटला जे सहज वाचता येतं त्यासाठी मराठीत २८ लागतात. मी मजकुराला २८च्या खाली जात नाही आणि शीर्षक ३६ ते ४० ठेवतो. ओळींमधलं अंतर १.२ किंवा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरं तिरकी करू नका, देवनागरीला ते शोभत नाही. दोन अक्षरांमधलं अंतर ताणू नका, शिरोरेषा तुटते. फार जाड ठशात 'भ' आणि 'म' लांबून सारखे दिसतात, 'घ' आणि 'ध' तर हमखास. आकडे मराठी तर सगळे मराठी ठेवा, एकाच तक्त्यात दोन तऱ्हेचे नकोत.

फॉन्टची एक ठेच मी स्वतः खाल्ली आहे. एका सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेसाठी मी जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये काम केलं. माझ्या कॉम्प्युटरवर ते सुरेख दिसत होतं. सभागृहातल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. ताळेबंदाच्या जागी कंस, टक्क्याची चिन्हं आणि इंग्रजी अक्षरं उमटली आणि दोनशे सभासद समोर. त्या दिवसापासून मी युनिकोडशिवाय एक अक्षर टाइप केलं नाही. 'मुक्त', 'बालू', 'नोटो सान्स देवनागरी' हे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात आणि लांबून स्वच्छ दिसतात. दुसऱ्याच्या विंडोजवर दाखवायचं असेल तर निर्मला यूआय हा सुरक्षित, कारण तो विंडोजबरोबरच येतो. नाहीतर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथं जाऊन 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल'वर टिक करा. आणि पीडीएफ मात्र न चुकता सोबत ठेवा.

आता शेवटच्या रांगेची परीक्षा. समजा हॉलमधला पडदा चार फूट उंच आहे आणि शेवटची खुर्ची बत्तीस फुटांवर. म्हणजे तो माणूस पडद्याच्या उंचीच्या आठपट अंतरावर बसलाय. तुमच्या लॅपटॉपचा स्क्रीन सात इंच उंच असेल तर आठपट म्हणजे छप्पन्न इंच, जवळजवळ पावणेपाच फूट. तेवढं मागं जाऊन उभं राहा आणि वाचा. डोळे बारीक करावे लागले तर अक्षर वाढवा. अक्षर वाढवल्यावर मजकूर बसत नसेल तर मजकूर कमी करा.

रंग

प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, तो फक्त प्रकाश टाकत नाही. म्हणून पडद्यावरचा काळा हा मुळात पडदा जेवढा काळा दिसतोय तेवढाच. दिवसा खिडक्या उघड्या असल्या, ट्यूबलाइट चालू असली की तुमची गडद निळी पार्श्वभूमी राखाडी होते आणि पांढरं अक्षर त्यात विरतं. आपल्याकडच्या बहुतेक हॉलमध्ये पांढरट पार्श्वभूमी आणि गडद अक्षर हेच टिकतं. पडद्यावरची एक ट्यूब बंद करायला सांगा, बाकीच्या राहू द्यात.

दोनच रंग घ्या, शिवाय राखाडी. तांबडा आणि हिरवा शेजारी ठेवून त्यांवर अर्थ लादू नका, कारण काही जणांना, विशेषतः पुरुषांना, ते सारखेच दिसतात. 'व्ह्यू'मध्ये 'ग्रेस्केल' करून एकदा बघा. तिथं वाचता आलं तर रंगात येईलच.

चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स आणि या गावातले जुने हाताने रंगवलेले सिनेमाचे फलक यांतला फरक आठवून बघा. जुन्या काळातले चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या या गावात फलक रंगवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की रस्त्यावरून जाणारा क्षणभरच बघणार आहे. म्हणून एक मोठा चेहरा, एक नाव आणि भोवती मोकळी जागा. फ्लेक्सवर चाळीस चेहरे असतात आणि लक्षात एकही राहत नाही. मोकळी जागा वाया जात नाही, ती नजरेला वाट दाखवते.

आकडे दाखवताना

एक्सेलचा तक्ता उचलून स्लाइडवर चिकटवू नका. आधी स्वतःला विचारा, या आकड्यांतून मला कुठलं एक वाक्य सांगायचं आहे? ते शीर्षकात लिहा आणि ते वाक्य सिद्ध करायला लागतील तेवढेच आकडे ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कुणीही कुणालाही विचारतं, "पाणी किती फुटावर आलंय?" पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पंचगंगेच्या पाण्याचा आलेख करायचा तर खाली तारखा, एक निळी रेघ पाण्याची आणि ३९ व ४३ वर दोन बारीक आडव्या रेघा. त्या रेघांवरच, उजव्या टोकाला, 'इशारा ३९' आणि 'धोका ४३' असं लिहायचं. कोपऱ्यात रंगांची वेगळी सूची नको, कारण मग नजर सारखी तिकडं जाऊन परत येते. निळी रेघ कुठल्या तारखेला ४३ ओलांडते तिथं एक ठिपका आणि ती तारीख. बस्स. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तो आलेख असा काढला तर रेघ धोक्याच्या किती वर गेली हे तोंडानं सांगावंच लागत नाही.

काळानुसार बदल दाखवायचा तर रेघ, वस्तूंची तुलना करायची तर पट्ट्या. पट्ट्यांचा आलेख शून्यापासूनच सुरू व्हायला पाहिजे. शून्य कापलं तर किरकोळ फरक डोंगराएवढा दिसतो आणि ती फसवणूक होते. गोल आलेखात तीनपेक्षा जास्त तुकडे डोळ्याला मोजता येत नाहीत. त्रिमितीय आलेख तर कधीच नको, पुढचा तुकडा उगाच मोठा भासतो.

त्या मुलाकडं रिजेक्शनच्या पाच कारणांचा, म्हणजे ओतकामातल्या पाच दोषांचा, गोल आलेख होता: ब्लोहोल, सँड इन्क्लुजन, श्रिंकेज, मिसरन, कोल्ड शट. पाच भडक रंग. आम्ही त्याच्या आडव्या पट्ट्या केल्या, मोठ्यापासून लहानाकडं लावल्या, चार राखाडी केल्या आणि ब्लोहोलची तेवढी तांबडी. मागच्या जाळीरेघा पुसल्या, आकडा पट्टीच्या टोकाला लिहिला. पाच मिनिटांचं काम होतं.

फोटो आणि हालचाल

इंटरनेटवरचे हात मिळवणारे साहेब आणि उगवता सूर्य नकोत. आपल्या कामाचा आपण काढलेला फोटो घ्या. मोबाइल आडवा धरा आणि मोजमाप कळेल अशी वस्तू शेजारी ठेवा. ब्लोहोलच्या शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढलेला फोटो बघून पोकळी केवढी आहे ते सांगावं लागलं नाही. नको तो भाग कापा. मोठा करताना कोपऱ्याला धरून ओढा, नाहीतर माणसं बुटकी किंवा उभट होतात. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो दाबला जाऊन धूसर होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

उडत येणारी, गरगरणारी अक्षरं टाळा. एकामागून एक गोष्ट उलगडायची असेल तर साधं 'अपिअर' पुरतं.

सराव आणि तो दिवस

उभं राहून, मोठ्यानं, घड्याळ लावून दोनदा बोलून बघा. घरातल्या कुणाला तरी ऐकवा. बोलताना जे वाक्य तुम्ही स्लाइडवरून वाचताय असं लक्षात येईल ते स्लाइडवरून काढा आणि खालच्या नोट्समध्ये टाका. 'प्रेझेंटर व्ह्यू'मध्ये ते फक्त तुम्हाला दिसतं. सविस्तर तक्ते आणि हिशेब दोन पानांवर छापून शेवटी वाटा. आधी वाटले तर सगळे कागदात डोकं घालून बसतात.

अर्धा तास लवकर जा. पेन ड्राइव्हवर फाइल आणि पीडीएफ, दोन्ही स्वतःच्या मेलवरही. एचडीएमआयची केबल आपली न्या, जुन्या प्रोजेक्टरसाठी व्हीजीएचा कन्व्हर्टरही. पडद्यावर काही आलं नाही तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'एक्स्टेंड' निवडा, म्हणजे प्रेझेंटर व्ह्यूही चालेल. व्हॉट्सॲपची नोटिफिकेशन बंद करा. मग हॉलमधल्या शेवटच्या खुर्चीवर खरोखर जाऊन बसा आणि आपली पहिली स्लाइड वाचा.

'धन्यवाद' लिहिलेली स्लाइड ठेवू नका. चर्चा चालू असताना तीच भिंतीवर सगळ्यात जास्त वेळ राहते, तेव्हा तिथं तुमची मागणी असू द्या.

तो मुलगा सप्टेंबरात पुन्हा उभा राहिला, सहा स्लाइड्स घेऊन. बोलून झालं नऊ मिनिटांत. 'रोज दोन वेळा तपासणी आणि एक टेस्टर' हे वाक्य पुढची वीस मिनिटं भिंतीवर होतं. मालक जागेवर बसून होते. मागच्या रांगेतले एक जुने मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे, म्हणाले, "ते टेस्टर वापरायचं कुणी? आमी, का क्यूसीवाल्यांनी? आन वाळू उघड्यावरच राहिली तर मोजून काय उपेग?" त्या मुलानं कीबोर्डवरचं 'बी' दाबून पडदा काळा केला, त्यांच्याकडं वळून पूर्ण ऐकून घेतलं. मग परत 'बी' दाबलं, पाठोपाठ तिसऱ्या स्लाइडसाठी ३ आणि एंटर, आणि उघड्यावर भिजणाऱ्या वाळूचा फोटो पुन्हा भिंतीवर आणला.